पहिले हजार किलोमीटर

१

"नवी गाडी आणि नवी सून, दोघींवर पहिल्याच दिवशी भार टाकायचा नाही," असं पंडित मिस्त्री म्हणायचा.

पंडितचं गॅरेज कडोदऱ्याच्या चार रस्त्याजवळ होतं. हेमराजच्याच गावाकडचा, अमळनेरजवळचा माणूस. शहाण्णवच्या डिसेंबरात हेमराजनं पांढरी गाडी घेतली तेव्हा शोरूममधून निघून तो आधी देवळात गेला आणि तिथून थेट पंडितकडे. पंडितनं बॉनेट उघडलं, आत वाकून पाहिलं आणि चिंधीला हात पुसत नियम सांगितले.

"पहिले हजार किलोमीटर काटा पन्नासच्या वर न्यायचा नाही, भाऊ. एकाच वेगात दामटायची पण नाही. थोडी हळू, थोडी जोरात, परत हळू. ब्रेक हबकन मारायचा नाही. वजन भरायचं नाही. इंजिनचे भाग एकमेकांना ओळखू लागले, की मग पळवा कितीही."

हेमराजला हे मनापासून पटलं. अठराव्या वर्षी तो सुरतेत दुसऱ्याच्या कापडाच्या लूमवर उभा राहिला होता, आणि आता लिंबायतमध्ये त्याच्या स्वतःच्या बारा लूम चालत होत्या. नवी लूम बसवली की पहिले काही दिवस तिला हळू चालवावं लागतं हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. घाई केली की आयुष्यभर धागा तोडत राहते.

मग रोजचा क्रमच ठरला. सकाळी साडेसहाला डिंडोलीच्या घरून निघायचं, कडोदरा ओलांडून बारडोलीच्या रस्त्यानं पंचवीस किलोमीटर जायचं, एका रसवंतीपाशी गाडी वळवायची आणि साडेआठच्या आत घरी यायचं. रोजचे पन्नास. वीस दिवसांत हजार. मागच्या काचेवर शोरूमच्या माणसानं पांढऱ्या रंगानं 'रनिंग-इन' लिहून दिलं होतं. उसाचे ट्रक मागून येत, भोंगा वाजवत, काचेवरची अक्षरं वाचून बाजूनं निघून जात. चाळीसच्या वेगानं जाणाऱ्या माणसाला रस्त्यावरचं सगळं दिसतं. हेमराजला ते आवडायचं. इतक्या वर्षांत त्यानं हा रस्ता कधी असा सावकाश पाहिलाच नव्हता.

२

चौथ्या दिवशी त्याला तो आवाज आला.

सीटांवरचं शोरूमचं जाड प्लास्टिक मंगलाबाईनं काढू दिलं नव्हतं. "धूळ बठी जाई," असं म्हणून तिनं बायकोच्या हक्कानं विषय संपवला होता. त्या प्लास्टिकवर कुणी बसलं, की कर्र् असा आवाज व्हायचा, आणि कुणी कूस बदलली की त्याहून बारीक, लांबलेला.

थंडी होती, काचा वर होत्या. काटा पंचेचाळीसवर होता. मागच्या सीटवर, डाव्या बाजूला, कुणीतरी कूस बदलल्यासारखा आवाज आला.

हेमराजनं आरशात पाहिलं. सीट रिकामी होती. मागच्या काचेवरची उलटी अक्षरं आणि त्यांच्यामागं लांब होत जाणारा रस्ता.

थंडीनं प्लास्टिक आखडतं, त्यानं स्वतःला सांगितलं. खरंच आहे, आखडतंच. पुढं खाचखळग्यांचा पट्टा आला. गाडी चांगलीच हादरली, डॅशबोर्डवरचा गणपती डोलला, पण मागून काही आवाज आला नाही. पट्टा संपला. रस्ता गुळगुळीत झाला. आणि मग पुन्हा तो आवाज आला, सावकाश, एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर होताना यावा तसा. अंग दुखणारा माणूस वळतो तसा.

रसवंतीपाशी उतरून त्यानं मागचं दार उघडलं. सीटवर काही नव्हतं. तो स्वतःशीच हसला आणि रस प्यायला. लूमच्या खडखडाटात पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाच्या कानावर किती विश्वास ठेवायचा!

३

आठवड्याभरात तो त्या आवाजाला जवळजवळ सरावला. रोज येत नसे. जाताना कडोदऱ्याच्या आधी तो कधीच येत नसे. कडोदरा मागं पडलं, दोन्ही बाजूंना ऊस सुरू झाला, की मग कधीतरी. हेमराज त्याच्या आधीच रेडिओ लावून ठेवू लागला. का लावतो हे त्यानं स्वतःला विचारलं नाही.

चारशे किलोमीटर झाले त्या दिवशी तो येता येता पंडितकडे थांबला.

"पिकअप कमी वाटतो रे. चढावर ओढत नाही."

पंडितनं गाडीभोवती एक फेरी मारली. मागं जाऊन उकिडवा बसला, एक डोळा मिटून बंपरकडे पाहिलं.

"मागं काय माल ठेवलाय, भाऊ?"

"काही नाही. का?"

"डावीकडून बसलीय जराशी." पंडितनं डिकी उघडली. आत स्टेपनी आणि एक फडकं. त्यानं डिकी बंद केली आणि बंपर दोन्ही हातांनी दाबून सोडला. "स्प्रिंग तर चांगली आहे. नवी गाडी आहे, रुळेल. वजन टाकू नका म्हणून मी सांगितलं होतं ना?"

"अरे, पण मी एकटाच असतो."

 पंडितचं लक्ष मागच्या डाव्या काचेकडे गेलं होतं. बाकीच्या काचा स्वच्छ होत्या. त्या एका काचेवर आतून वाफ धरली होती. पूर्ण काचेवर नव्हे, अगदी खालच्या कडेला, तळहाताएवढी.

"काच खाली करून चालवत जा थोडी," पंडित म्हणाला. "आतली हवा कोंडते."

हेमराजनं रुमालानं ती जागा पुसली. मग त्याच्या लक्षात आलं की ती फार खाली होती. मोठा माणूस बसला तर त्याचा खांदा तिथं येईल. तोंड नाही.

हा विचार त्याला आवडला नाही. त्यानं तो कडोदऱ्यातच सोडला आणि डिंडोलीचा रस्ता धरला.

४

रविवारी मंगलाबाई आणि योगिता हट्टानं बरोबर आल्या. योगिता त्यांची एकुलती एक मुलगी, सहावीत. शाळेत गुजराती, मैत्रिणींशी हिंदी आणि आईशी अहिराणी बोलायची. गाडी आल्यापासून तिला सगळ्या वर्गाला घेऊन फिरायचं होतं.

मंगलाबाई पुढं बसली, योगिता मागं. ऊस सुरू झाला, सूर्य उजवीकडून समोर चढत होता. हेमराज कान मागं लावून बसला होता. आवाज आला नाही. त्याला इतकं हलकं वाटलं, की त्यानं मंगलाबाईला पंडितची सुनेवरची म्हण सांगितली आणि ती लटकं रागावलीसुद्धा.

मग त्यानं आरशात पाहिलं. योगिता उजव्या दाराला अगदी चिकटून बसली होती. मधली जागा मोकळी, डावी मोकळी.

"अशी कोपऱ्यात काय बसलीस? नीट बस की ऐसपैस."

"उधर गरम लगता है, पप्पा."

"ऊन येतंय का?"

"नाही, ऊन तर इकडं आहे. ती सीटच गरम आहे." ती बाहेर बघत म्हणाली. तिला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

रसवंतीपाशी दोघी उतरून रस प्यायला गेल्या. हेमराज डाव्या बाजूनं वळसा घालून गेला आणि दार उघडून सीटवर हात ठेवला. ती बाजू सकाळपासून सावलीत होती. थंडीत बाकीचं प्लास्टिक पत्र्यासारखं गार लागत होतं. पण डावीकडे, खिडकीजवळ, एका परातीएवढ्या जागी ते गरम होतं. उन्हानं तापलेल्या वस्तूसारखं नाही. अंथरुणात आजारी माणूस उठून गेल्यावर राहते तसली ऊब, दमट.

त्यानं हात काढून शर्टाला पुसला. सायलेन्सरची नळी खालून जात असेल, तो मनाशी म्हणाला. पंडितला विचारायला हवं.

पंडितला त्यानं विचारलं नाही. नळी उजवीकडून जाते हे त्याला माहीत होतं.

५

त्या रात्री जेवताना त्याच्या मनात पुष्पाबाईचं नाव आलं. आलं म्हणण्यापेक्षा, पंधरा दिवस ते दाराबाहेर उभंच होतं, त्यानं त्या दिवशी आत घेतलं.

दोन वर्षांपूर्वी, चौऱ्याण्णवच्या सप्टेंबरात, सुरतेत प्लेग आला तेव्हा ते लिंबायतमध्ये चाळीत राहत होते. गणपती नुकतेच गेले होते. एका दिवसात गल्ल्या ओस पडल्या. जो तो तोंडाला फडकं बांधून गावाकडे पळत होता, गाड्यांना माणसं लोंबकळत होती. हेमराजनं ओळखीच्या ड्रायव्हरला गाठून खानदेशकडे जाणारा एक ट्रक मिळवला. स्वतःचं कुटुंब, दोन्ही भावांची कुटुंबं, शेजारपाजार. ट्रक गच्च भरला. फाळका वर केला तेव्हाही खाली पन्नासएक माणसं उरली होती आणि त्यांत पुष्पाबाई होती.

ती त्याच्याच कारखान्यात बॉबिनवर धागा भरायची. नंदुरबारकडची विधवा बाई, एकटी. बगलेत बोचकं धरून ती फाळक्याजवळ आली आणि म्हणाली, "भाऊ, माले बी ल्या ना."

हेमराज म्हणाला, "जागा नही शे, बाई."

खरंच नव्हती. पण तिचा चेहरा त्याच्या डोळ्यांसमोरून जाईना. महिन्याभरानं सगळे परत आले, ती आली नाही. हेमराजनं कुणाकडे चौकशी केली नाही. जे कळेल ते ऐकायची त्याची तयारी नव्हती. पुढं त्यांनी डिंडोलीत घर घेतलं, आणि लिंबायतची चाळ मागं पडली.

तो ट्रक याच रस्त्यानं गेला होता. कडोदरा, बारडोली, व्यारा, नवापूर.

"पुष्पाबाईचं पुढं काय झालं गं?" त्यानं ताटाकडे बघत विचारलं.

मंगलाबाईनं भाकरी उलटली. "काय व्हनार? कडोदराले ऱ्हास ती. तठेच लूमवर कामले जास. परवा बजारमा तिन्ही भाची भेटनी व्हती."

हेमराजचा घास हातातच राहिला. "जिवंत आहे?"

"असं काय बोलतस? चांगली धडधाकट शे."

६

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. कडोदऱ्याच्या लूमना त्या दिवशी वीज नसते, म्हणून सुट्टी. भाचीनं मंगलाबाईला सांगितलेला पत्ता धरून हेमराज एका पत्र्याच्या खोलीसमोर गाडी घेऊन थांबला, तर पुष्पाबाई दारातच पिशवी घेऊन निघालेली. दोन वर्षांत केस पांढरे झाले होते, बाकी तीच.

"आरे हेमराजभाऊ! कथाईन उना तू?" ती मोठ्यानं म्हणाली, आणि गाडी पाहून तिनं तोंडावर हात ठेवला. "तुन्ही शे? माय वं!"

हेमराजला वाटलं, आता आपल्या डोळ्यांत पाणी येणार. त्यानं घाईघाईत, अडखळत, त्या दिवसाचा विषय काढला. ट्रक, फाळका, जागा नव्हती.

"त्यान्हं काय एवढं?" पुष्पाबाई म्हणाली. "तुमना ट्रक गया आनि मांगून एक टेम्पो उना. नवापूर लगून गयू मी, तथाईन यष्टीनी घर. मी काय मरनू का?"

ती हसली. हेमराजही हसला, गेल्या पंधरा दिवसांत पहिल्यांदा पोटातून. म्हणजे काहीच नव्हतं. अपराध मनाला टोचत होता, त्याचा आवाज झाला, त्याची वाफ झाली, एवढंच. डॉक्टरसुद्धा हेच सांगतील. त्यानं तिला चार रस्त्यापर्यंत सोडतो म्हणून आग्रह केला. तिला तिथं भाजी घ्यायची होती. पुढच्या सीटवर कारखान्यात न्यायच्या डब्यांचा आणि लूमच्या सुट्या भागांचा ढीग होता, म्हणून तिनं मागचं डावं दार उघडलं.

हेमराज तोवर आपल्या जागेवर बसून किल्ली फिरवत होता. मागून तिचा आवाज आला, अगदी सहज, बसमध्ये बाई बाईला म्हणते तसा.

"सरक वं माय, जराशी."

प्लास्टिक कर्र् वाजलं. आधी डावीकडून मध्यापर्यंत, लहानसं. मग पुष्पाबाई बसल्याचं, मोठं. दार बंद झालं.

७

चार रस्ता तिथून दोन किलोमीटर असेल. हेमराजनं ते तीसच्या वेगानं कापले. त्याचे हात स्टीअरिंगला चिकटल्यासारखे झाले होते. वर हात नेऊन त्यानं आरसा छताकडे वळवला. एकदा वळवल्यावर मान मागं फिरवायची तेवढी नाही, एवढंच त्यानं ठरवलं.

मागं पुष्पाबाई बोलत होती. त्याच्याशी नव्हे. खालच्या आवाजात, मायेनं. 'डोकं ठेव', 'निजी जाय', असलं काहीबाही. उत्तर येत नव्हतं. नुसता प्लास्टिकचा आवाज, बारीक, थांबून थांबून.

चार रस्त्याला ती उतरली आणि त्याच्या खिडकीपाशी आली. तिचा चेहरा काळजीत पडला होता.

"योगिता ना ही? किती वाळी गयी रे पोर. वळखायनीच नही माले."

हेमराज काचेतून समोरच्या रस्त्याकडे बघत राहिला.

"आंग तपेल शे तिन्हं. लाही फुटी अशी. काय बोलस बी नही." तिनं त्याच्याकडे रोखून पाहिलं. "दवाखानामा लई जाय राह्यना ना?"

त्यानं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते त्यालाही कळलं नाही. पुष्पाबाईला हो वाटलं असावं. "जाय बरं लवकर," म्हणत तिनं मागच्या काचेतून आत एकदा हात हलवला आणि ती गर्दीत गेली.

हेमराज तिथं गाडीत किती वेळ बसला ते त्याला पुढं कधीच सांगता आलं नाही. रिक्षावाले भोंगे वाजवत होते. त्याला ट्रक आठवला होता. काल रात्री आठवलेला क्षण नव्हे, त्याच्या लगेच नंतरचा. पुष्पाबाईला नाही म्हटल्यावर ड्रायव्हरनं गिअर टाकला होता. फाळक्याच्या कडेला खालून हातच हात होते. गाडी हलली तसे ते एक एक करून सुटले. एक सुटला नाही. लहान हात होता. खाली कोण होतं हे गर्दीत दिसत नव्हतं, आठ-नऊ वर्षांचं पोर असेल, कुणाचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. ते ट्रकबरोबर धावत होतं. मागून कुणीतरी ओरडलं, "चाकाखाली येईल, सोडवा!" हेमराज फाळक्याजवळ होता. त्यानं वाकून ती बोटं एक एक करून उचकटली. करंगळी शेवटी. बोटं निखाऱ्यासारखी गरम होती. आपण वाचवतोय त्याला, असं तो तेव्हा मनात म्हणाला होता. आणि मग योगितेला हात लावण्याआधी त्यानं कॅनमधल्या पाण्यानं आपला हात तीनदा धुतला होता.

हे तो विसरला होता. अगदी स्वच्छ विसरला होता. त्या जागी त्यानं पुष्पाबाईला उभं केलं होतं, कारण तिला नाव होतं.

दार उघडून पळावं, असं त्याला वाटलं. गाडी इथंच पंडितच्या गॅरेजला लावावी, किल्ली फेकावी, रिक्षानं घरी जावं. पाय दाराकडे वळलासुद्धा. तेवढ्यात मागून आवाज आला. प्लास्टिकचा नव्हे. श्वास. तोंड उघडं ठेवून झोपलेल्या, ताप चढलेल्या पोराचा असतो तसा, आखूड आणि कोरडा.

हेमराजनं गाडी सुरतेकडे वळवली.

काटा साठवर गेला, सत्तरवर गेला. इंजिन किंचाळू लागलं. ऐंशीवर स्टीअरिंग थरथरायला लागलं तरी त्यानं पाय उचलला नाही. ट्रकांना बाजूनं मागं टाकत, भोंग्यावर हात दाबून धरून तो जात होता आणि पुढं बघत मागच्या कुणाशी तरी बोलत होता. "उनं, उनं, आते दवाखाना उना. घाबरू नको, बेटा. पोहचनूत."

८

सरकारी दवाखान्याच्या पोर्चमध्ये गाडी थांबायच्या आत स्ट्रेचरवाला धावत आला. खाकी कपड्यांतला, पन्नाशीचा माणूस. भोंगा ऐकून आलेला. त्यानं न विचारता मागचं दार उघडलं. हेमराज समोरच्या भिंतीकडे बघत बसून राहिला, दोन्ही हात स्टीअरिंगवर. भिंतीवर थुंकू नये असं तीन भाषांत लिहिलं होतं. ते तो वाचत होता. गाडी डावीकडून हळूच वर आली. वजन उतरलं की येते तशी. त्याच्या पाठीच्या कण्याला ते कळलं.

"केसपेपर काढो, काका," स्ट्रेचरवाला म्हणाला. चाकं कुरकुरत आत गेली.

हेमराज वळला तेव्हा स्ट्रेचर दूर गेलं होतं, आणि त्या माणसाच्या पाठीआड त्याच्यावर काय होतं ते दिसत नव्हतं. बाजूलाच एक रिक्षा उभी होती, तिच्यातूनही कुणीतरी उतरत होतं. त्यांचाच पेशंट असेल, हेमराजनं मनाशी म्हटलं. नक्की त्यांचाच. आता गाडीत बसावं आणि घरी जावं.

तो केसपेपरच्या खिडकीच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

"पेशन्टनुं नाम?" कारकुनानं मान वर न करता विचारलं.

 हेमराजला नाव ठाऊक नव्हतं. मागून लोक ढकलत होते. तासाभरापूर्वी ऐकलेलं एकच नाव जिभेवर होतं.

"योगिता."

लेखणी चालली. हेमराजनं गजांतून हात आत घातला. "नाही, नाही, थांबा. ते नाव खोडा. ते नाव नाही तिचं."

"तो शुं नाम छे?"

स्ट्रेचर गेलं होतं त्या दिशेला त्यानं वळून पाहिलं.

"तमे कोण? बाप?"

मागच्या बाईच्या कडेवरचं पोर रडत होतं. खिडकीच्या गजांना धरलेले स्वतःचे हात हेमराजला दिसत होते.

"हो," तो म्हणाला. "बाप."

कागद हातात आला. नाव खोडलेलं नव्हतं. तो धावत बाहेरच्या टेलिफोन बूथवर गेला आणि शेजाऱ्यांकडे फोन लावून मंगलाबाईला बोलावून घेतलं. योगिता कुठं आहे?

"शाळामाईन उनी, जेवी राह्यनी." मंगलाबाईला आश्चर्य वाटलं. "तुम्ही कथा शेतस? आवाज असा का येस?"

"तिच्या अंगाला हात लावून बघ. ताप आहे का?"

"काही ताप नही. वरन-भात खाई राह्यनी. काय व्हयनं तुमले?"

"काही नाही. उशीर होईल मला," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

मग मुलांच्या वॉर्डबाहेरच्या बाकावर तो बसून राहिला. दुपार उलटली. कुणी काही विचारलं नाही. चहावाला दोनदा येऊन गेला. कागदाची घडी करून त्यानं खिशात ठेवली, काढली, पुन्हा ठेवली. आपण वेडे झालो आहोत हे त्याला आता बरंच पटत आलं होतं, आणि त्यानं बरंही वाटत होतं. वेडावर औषध असतं. अजून पाच मिनिटं बसायचं, मग उठायचं.

वॉर्डचं दार उघडून सिस्टर बाहेर आली.

"योगिताना पप्पा कोण छे?"

बाकावर चार-पाच माणसं होती. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. सिस्टरनं पुन्हा विचारलं.

नाही म्हणायचं सोपं होतं. काही म्हणायचीसुद्धा गरज नव्हती, नुसतं बसून राहायचं. हेमराज उठला.

"अंदर आवो. क्यारनी हाथ मारे छे, कोईने शोधे छे." कधीची हातानं कुणाला तरी चाचपत होती ती.

वॉर्डच्या अगदी शेवटी, खिडकीजवळ, एका खाटेभोवती हिरवा पडदा ओढला होता. सिस्टरनं दुरूनच बोट दाखवलं आणि ती दुसऱ्या पोराकडे वळली. हेमराज पडद्यापर्यंत गेला. पडद्याच्या कडेतून खाटेचा लोखंडी दांडा बाहेर दिसत होता, आणि दांड्यावर एक लहान हात होता. मनगटापर्यंत. बाकी सगळं आत.

पडदा त्यानं बाजूला केला नाही. शेजारचं स्टूल ओढून तो अलीकडेच बसला आणि आपला हात पुढं केला. लहान बोटं दांड्यावरून सुटली आणि त्याच्या बोटांवर मिटली. पहिल्यांदा करंगळी. ती निखाऱ्यासारखी गरम होती.

तो बसून राहिला. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं, पिवळं झालं, गेलं. वॉर्डमध्ये दिवे लागले. भेटीला आलेली माणसं डबे आवरून निघाली. पडद्याआडचा श्वास आता संथ झाला होता, झोपल्यासारखा, आणि हेमराजला वाटलं की झालं, एवढंच होतं, एवढंच द्यायचं राहिलं होतं. मंगलाबाई वाट बघत असेल. त्यानं हात हळूच मागं घेतला.

बोटं सुटली नाहीत.